टाचणी आधी खाली ठेव

अरे, स्विचच्या मागे ते बारीक भोक आहे ना, ‘रीसेट’ लिहिलेलं, त्यात टाचणी घालू नकोस. निदान आज तरी नको. पान उघडत नाही, पासवर्ड लागत नाही, म्हटलं की हात पहिला तिकडेच जातो. कॉलेजच्या नेटवर्कवर नोकरी करत होते तेव्हा लॅबमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला मी हेच पहिलं सांगायचे, आणि मला ते माझ्या सरांनी सांगितलं होतं. आधी दिवे बघायचे, मग तारा, मग पत्ता शोधायचा, मग पासवर्डाचा विचार. बटण सगळ्यात शेवटी.

मुळात तुझं बिघडलंय काय ते बघ. घरात इंटरनेट चालू आहे, टीव्हीवर मालिका चालली आहे, दाराचा कॅमेरा फोनवर दिसतोय. म्हणजे स्विच ठणठणीत आहे. एका पोर्टातून आलेला डेटा बरोबर दुसऱ्या पोर्टात पोचवायचा, हे त्याचं मुख्य काम, आणि ते तो मॅक ॲड्रेस बघून करतो. त्यासाठी त्याला स्वतःचा आयपी ॲड्रेस लागतच नाही. आयपी लागतो तो त्याच्या पोटातल्या छोट्या संगणकाला, जो तुला सेटिंगचं पान दाखवतो. तुझा संबंध तुटलाय तो तेवढ्या त्या संगणकाशी. म्हणून घाई करायचं कारण नाही. वहिनीचं ऑफिसचं काम आणि पोरीचा क्लास दोन्ही नसतील अशी रविवारची सकाळ धर, घरात सांगून ठेव, आणि मग बस.

रीसेटला मी एवढी का घाबरते, तेही सांगते. कॅमेऱ्यांचं जाळं वेगळं ठेवलेलं, पाहुण्यांचं वायफाय घरच्या संगणकांपासून तोडलेलं, कुठल्या पोर्टातून कॅमेऱ्याला वीज द्यायची ते ठरवलेलं, हे सगळं त्या स्विचच्या आतच लिहिलेलं आहे. रीसेट केलंस की ते पुसलं जातं, आणि तुझ्याकडे त्याची दुसरी प्रत नाही. पासवर्ड परत मिळेल, पण ज्याच्यासाठी तो हवा होता तेच गेलेलं असेल.

आता पहिला प्रश्न. पान बंद पडलं ते तू काही बदल केलास त्याच क्षणी, की महिनोन्‌महिने उघडलंच नव्हतं आणि आज उघडायला गेलास तर नाही?

बदल करता करता दार लागलं असेल, तर आधी आठवून बघ की ‘सेव्ह’ केलं होतंस का. बऱ्याच स्विचमध्ये चालू सेटिंग आणि जपून ठेवलेलं सेटिंग अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. सिस्कोवाले त्यांना रनिंग कॉन्फिग आणि स्टार्टअप कॉन्फिग म्हणतात. ‘अप्लाय’ दाबलं की बदल लागू होतो, पण सेव्ह केल्याशिवाय तो टिकत नाही. अशा वेळी स्विचची पिन काढ, थोडं थांब, परत लाव. तो जुन्या सेटिंगवर उठतो आणि तुझं दार उघडतं. काही स्वस्त स्विच मात्र प्रत्येक बदल तिथल्या तिथे जपून ठेवतात, त्यांना हा उपाय लागू पडत नाही. तरी करून बघायला काही खर्च नाही.

महिनोन्‌महिने उघडलं नव्हतं आणि आता उघडत नाही, अशा घरांत मी पहिला प्रश्न विचारते, मधे इंटरनेटची कंपनी बदलली का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. होतं काय बघ. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता. तू हौसेने स्विचला १९२.१६८.१.२ असा कायमचा पत्ता देऊन ठेवलास. मग जिओफायबर घेतलं. त्यांच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१. आता घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप २९ च्या मालिकेत, म्हणजे १९२.१६८.२९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांत गेला, आणि स्विच बिचारा अजून १ च्या मालिकेत बसलेला. डेटा त्याच्यातूनच वाहतोय, पण त्याच्याशी बोलायला गेलं की लॅपटॉप म्हणतो, हा पत्ता आपल्या जाळ्यात नाही, आणि निरोप राउटरकडे पाठवून देतो. राउटरला तो पत्ता ठाऊक नाही. तिथे तो निरोप संपतो.

यावर सगळ्यात सोपा उपाय माळ्यावर आहे. जुना राउटर कोणी टाकून देत नाही. तो खाली काढ, त्याला इंटरनेटची तार लावू नकोस, नुसती वीज दे. स्विचमधल्या बाकीच्या तारा सोडव, एका पोर्टात जुना राउटर आणि एका पोर्टात लॅपटॉप जोड. लॅपटॉपला जुन्या मालिकेतला पत्ता आपोआप मिळेल आणि स्विचचं पान पूर्वीसारखं उघडेल. आत जाऊन स्विचचा पत्ता बदल आणि मगच बाकीच्या तारा जागेवर लाव.

राउटर परत करून टाकला असेल तर लॅपटॉपलाच हाताने पत्ता द्यायचा. विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शनमध्ये जाऊन इथरनेटच्या गुणधर्मांत आयपी आवृत्ती ४ उघड, ‘आपोआप’ वरची खूण काढ आणि १९२.१६८.१.५० लिही. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे कोरा ठेव. काम झाल्यावर परत ‘आपोआप’ करायचं विसरू नकोस, नाहीतर उद्या ऑफिसात इंटरनेट का चालत नाही म्हणून डोकं धरून बसशील. आणि हे करताना लॅपटॉपचं वायफाय बंद हवं, ऑफिसचं व्हीपीएन बंद हवं, तार थेट स्विचमध्ये हवी. वायफाय चालू राहिलं की लॅपटॉप कुठल्या वाटेने बोलतोय तेच कळत नाही.

जुनी मालिका कोणती होती हेच आठवत नसेल तर घरात पुरावे शोध. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला त्याच काळात कायमचा पत्ता दिलेला असतो, तो टीव्हीला जोडून त्याच्या नेटवर्कच्या पानावर बघ. प्रिंटरला पत्ता हाताने दिला असेल तर त्याचं सेटिंगचं पान छापून घे, त्यावर लिहिलेला असतो. माझा अनुभव असा की ज्याने स्विचला कायमचा पत्ता दिला, त्याने एवढ्यावर हात थांबवलेला नसतो.

स्विचला तू कधीच पत्ता दिला नसशील तर गोष्ट आणखी सोपी. मग तो राउटरकडून पत्ता मागून घेतो, किंवा कारखान्यातून आलेल्या पत्त्यावर बसलेला असतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. स्विच उलटा कर, स्टिकरवर मॅक ॲड्रेस छापलेला आहे, तो त्या यादीत शोध. नाव काहीही दिसो, मॅक खोटं बोलत नाही. त्यातल्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनीसुद्धा कळते.

यादीत नसेल तर कारखान्याचा पत्ता. टीपी-लिंकचे ते लहान आठ पोर्टांचे स्मार्ट स्विच १९२.१६८.०.१ वर असतात. नेटगियरचे १९२.१६८.०.२३९ वर, पण राउटर सापडला नाही तरच. सिस्कोची छोट्या ऑफिसांसाठीची एसजी ३०० मालिका १९२.१६८.१.२५४, डी-लिंकचे स्मार्ट स्विच १०.९०.९०.९०, मायक्रोटिक १९२.१६८.८८.१, युनिफाय १९२.१६८.१.२०. एवढी नावं मला तोंडपाठ आहेत, बाकीच्यांसाठी मॅन्युअल बघ. यांतले जे आधी राउटरकडे पत्ता मागतात, त्यांना राउटरपासून सोडवून, फक्त लॅपटॉप जोडून, वीज बंद-चालू केली की ते आपल्या मूळ पत्त्यावर येतात.

इथे एक खाचखळगा आहे. टीपी-लिंकच्या अनेक राउटरांचाही पत्ता १९२.१६८.०.१ च असतो. राउटर आणि स्विच एकाच घरात, एकाच पत्त्यावर. मग तू पत्ता टाकतोस, राउटरचं पान उघडतं, स्विचचा पासवर्ड तिथे चालत नाही, आणि तुला वाटतं पासवर्ड विसरलो. कधी इंटरनेटही मधूनच अडखळतं. म्हणून पान उघडल्यावर वर कंपनीचं नाव बघून थांबू नकोस, मॉडेलचा नंबर वाच. आणि स्विचशी बोलताना राउटरची तार काढून ठेव.

तरीही पत्ता सापडत नसेल, तर शोधणं थांबव आणि ऐक. स्विच गप्प नसतो. लॅपटॉपवर वायरशार्क टाक, ते फुकट आहे. स्विचला दुसरं काही न जोडता फक्त लॅपटॉप लाव, वायरशार्क इथरनेटवर चालू कर आणि मग स्विचला वीज दे. उठता उठता तो बहुधा काहीतरी बोलतो. डीएचसीपीने पत्ता मागतो, किंवा एआरपीमधून ‘हा पत्ता माझा’ असं सगळ्यांना सांगतो. थोड्या वरच्या दर्जाचे स्विच एलएलडीपी नावाचं ओळखपत्र साधारण दर ३० सेकंदांनी पाठवत राहतात, सिस्कोचं स्वतःचं सीडीपी दर ६० सेकंदांनी. त्या पाकिटात स्विचचं नाव असतं, तू कुठल्या पोर्टात जोडलास ते असतं, आणि पुष्कळदा मॅनेजमेंटचा, म्हणजे सेटिंगच्या पानाचा पत्ता सरळ लिहिलेला असतो. चार-पाच मिनिटं नुसतं बसून राहा. या कामात मला कायम आनंद वाटत आला आहे, कारण इथे काही मोडत नाही, काही बदलत नाही, आणि तरी उत्तर समोर येतं. टीपी-लिंक आणि नेटगियर आपल्या स्मार्ट स्विचसाठी शोधायचं सॉफ्टवेअरही देतात. ते सगळ्यांना एकदम हाक मारतं, त्यामुळे मालिका वेगळी असली तरी स्विच पुष्कळदा त्यात दिसतो. मायक्रोटिकचं राउटर ओएस असेल तर विनबॉक्समधून आयपीशिवाय, नुसत्या मॅकवर आत जाता येतं.

पत्ता मिळाला, पिंगला उत्तर येतं, पण पान उघडत नाही, असं झालं तर दोष ब्राउझरमध्ये शोध. जुन्या स्विचचं सुरक्षित पान टीएलएस १.० वर चालतं आणि मोठ्या ब्राउझरांनी ते २०२० पासून बंद केलं. पत्त्याआधी साधं एचटीटीपी स्वतः टाइप कर, खाजगी खिडकीत उघड, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघ. काही स्विच एका वेळी एकाच माणसाला आत घेतात, आणि मागच्या वेळी तू लॉगआउट न करता खिडकी बंद केलेली असते. थोडा वेळ जाऊ दे.

व्हीलॅनचा, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगळ्या ठेवलेल्या जाळ्यांचा घोटाळा ओळखायची खूण वेगळी आहे. पत्ता पक्का माहीत आहे, लॅपटॉप त्याच मालिकेत आहे, तरी पिंगलासुद्धा उत्तर नाही. मग मॅनेजमेंट एखाद्या व्हीलॅनमध्ये कोंडलं गेलंय आणि तू ज्या पोर्टात आहेस तो त्या व्हीलॅनमध्ये नाही. आधी प्रत्येक पोर्टात तार लावून बघ, अगदी ज्याला आपण कधी हात लावत नाही त्या शेवटच्या पोर्टातही. एखादा पोर्ट जुन्या व्हीलॅन १ मध्ये राहून गेलेला असतो. तसा नसेल आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टात टॅग लावलेले असतील, तर राउटरची तार काढून तिथे लिनक्सवाला लॅपटॉप लाव आणि त्याच्या इथरनेटवर तो व्हीलॅन क्रमांक देऊन उप-इंटरफेस तयार कर. क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत असू शकतो, पण घरात माणसं १०, २०, ३०, ९९, १०० याच्या पलीकडे जात नाहीत.

आता पासवर्ड. ब्राउझरने जपलेले पासवर्ड बघ, जुन्या लॅपटॉपचेसुद्धा. स्टिकर वाच, अलीकडच्या बऱ्याच उपकरणांवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो. युनिफायचा स्विच असेल तर त्याचा मूळ ‘यूबीएनटी’ पासवर्ड चालणार नाही, कारण एकदा कंट्रोलरने त्याला दत्तक घेतलं की लॉगिन कंट्रोलरने ठरवलेलं लागतं. ते त्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं मिळतं. म्हणून जुना कंट्रोलर ज्या संगणकावर होता तो पुसून कोणाला देऊ नकोस.

आणि तू लॅमिंग्टन रोडवरून जुना सिस्को कॅटलिस्ट २९६० उचलून आणलास, शिकण्यासाठी, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. त्याच्यावर आधीच्या ऑफिसचा पासवर्ड असणार. त्याला टाचणीचं भोक नाही, आणि त्याची रीत इतकी नीट विचार करून केलेली आहे की ती प्रत्येक शिकणाऱ्याने एकदा हाताने करावी असं मला वाटतं. तुझ्या घरच्या स्विचवर व्हीलॅन वगैरे टाकलेले आहेत; तो कॅटलिस्ट असता, तर या रीतीने त्यातलं काही गेलं नसतं.

निळी चपटी कन्सोल केबल लागेल, आणि आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो म्हणून यूएसबीचं सिरियल अडॅप्टर. पुटी या प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. (एसजी ३०० ला मात्र ११५२०० लागतो. पडद्यावर किडामुंगी अक्षरं आली की वेग चुकलाय असं समज.) स्विचची वीज काढ. परत लाव, आणि पंधरा सेकंदांच्या आत, सिस्टीमचा दिवा हिरवा लुकलुकत असतानाच, पुढचं ‘मोड’ बटण दाबून धर. दिवा क्षणभर पिवळसर होईल आणि मग स्थिर हिरवा होईल, तेव्हा सोड. पडद्यावर नुसतं ‘स्विच:’ येईल. ‘फ्लॅश_इनिट’ टाइप कर. मग ‘रीनेम’ वापरून ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ या फाइलचं नाव बदल, पुढे ‘.ओल्ड’ जोड. पुसायची नाही, फक्त नाव बदलायचं. मग ‘बूट’.

स्विच उठतो, आपली फाइल शोधतो, ती त्या नावाने सापडत नाही, म्हणून तो नवा कोरा असल्यासारखा उभा राहतो आणि पासवर्ड विचारतच नाही. सेटअप करू का म्हणेल, ‘नो’ म्हण. ‘इनेबल’ करून आत गेलास की फाइलचं नाव परत पहिल्यासारखं कर आणि ती रनिंग कॉन्फिगमध्ये कॉपी कर. आता सगळी जुनी सेटिंग चालू आहेत आणि तू आतमध्येच उभा आहेस. नवा ‘इनेबल सीक्रेट’ दे, कन्सोलचा आणि इतर लॉगिनचा पासवर्ड बदल. व्हीलॅन १ चा इंटरफेस बंद राहिलेला असतो, त्याला ‘नो शटडाउन’ दे, हे निम्मे लोक विसरतात. मग सेव्ह कर. आधीच्या मालकाने पासवर्ड परत मिळवायची सोयच बंद करून ठेवली असेल तर स्विच तसं स्पष्ट सांगतो, आणि मग सगळं पुसूनच आत जाता येतं. वापरलेला स्विच घेताना दुकानातच वीज लावून हे बघून घ्यावं.

एवढं सगळं करूनही दार उघडलं नाही तर मग रीसेट. पण टाचणी घालण्याआधी दोन कामं कर. फोनने स्विचच्या पुढच्या बाजूचा फोटो काढ, कुठली तार कुठल्या पोर्टात आहे ते दिसेल असा, आणि प्रत्येक तारेला कागदी पट्टी चिकटव.

दुसरं काम याहून महत्त्वाचं. हॉलमधला स्विच आणि बेडरूममधला स्विच तू वेग वाढवायला दोन तारांनी जोडले आहेस. त्यांतली एक तार रीसेटच्या आधी काढ. त्या दोन तारा मिळून एकच जोड आहे, हे स्विचला फक्त सेटिंगमुळे कळतं. सेटिंग गेलं की त्या दोन सुट्या वाटा होतात, आणि स्पॅनिंग ट्री बंद असेल तर डेटा एकीकडून जाऊन दुसरीकडून परत येत गोल फिरत राहू शकतो. इथरनेटच्या पाकिटाला आयुष्य ठरवून दिलेलं नसतं, त्यामुळे ते आपोआप मरत नाही. सगळ्या पोर्टांचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि घरातलं सगळं ठप्प होतं. हा फेरा तोडायची स्पॅनिंग ट्रीची युक्ती रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधली. लॅबमधल्या मुलींना मी हे आवर्जून सांगायचे, तुझ्या पोरीलाही सांग.

रीसेटनंतर कॅमेरे, पाहुणे, तुझं ऑफिसचं यंत्र, सगळे पुन्हा एकाच जाळ्यात आलेले असतात आणि पासवर्ड कारखान्याचा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून जाळी परत वेगळी होईपर्यंत इंटरनेटची तार लावू नकोस.

आत गेल्यावर, मग कुठल्याही वाटेने गेला असशील, आधी कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून घे आणि स्विचच्या बाहेर दोन ठिकाणी ठेव. स्विचला हाताने पत्ता देण्यापेक्षा त्याला डीएचसीपीवर ठेव आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेव. पुढे कंपनी बदलली तर राउटरसोबत स्विचचाही पत्ता आपोआप बदलेल. शेवटचा पोर्ट मॅनेजमेंटसाठी मोकळा राख आणि त्याच्या व्हीलॅनला कधी हात लावू नकोस.

आणि यापुढे व्हीलॅनमध्ये किंवा पत्त्यात बदल करशील तेव्हा आधी सेव्ह करून घे. कॅटलिस्टवर बदलाच्या आधी ‘रीलोड इन १०’ टाइप कर. बदलताना बाहेर पडलास तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः बंद होऊन जुन्या सेटिंगवर उठेल. सगळं ठीक झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ कर आणि मगच नवं सेव्ह कर. मायक्रोटिकवर हेच काम सेफ मोड करतो, टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबून तो चालू होतो, आणि तुझा संपर्क तुटला की त्या दरम्यानचे बदल तो स्वतः मागे घेतो. तुझ्या घरच्या टीपी-लिंक स्विचला असलं काही नाही. त्याच्यावर बदल करताना एका वेळी एकच पोर्ट बदल, तू ज्या पोर्टात बसला आहेस तो सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या पोर्टातून पान उघडतंय हे बघितल्याशिवाय सेव्ह दाबू नकोस.